दुसरा वाचक

देवीदास सुखदेवे फोनवर कामाचं आधी कधीच बोलत नसत. दुपारची भांडी आवरून मी जरा पाठ टेकली की फोन वाजायचा.

"ताई, जेवन झालं काय?"

"झालं."

"काय केलं होतं?"

मी भाजीचं नाव सांगायची. मग पलीकडून बराच वेळ नुसती पंख्याची घरघर ऐकू यायची. आणि मग, स्वतःचीच काही चूक सांगावी अशा आवाजात, "नाई, ते एक पान राहून गेलं होतं. वेळ असन तं पाहून घ्या. नसन तं राहू द्या."

राहू द्या म्हणायची त्यांची रीत अशी होती की पान राहू देणं जमत नसे. असे फोन ते रोज दुपारी घरोघरी करत. कोणी उचलत, कोणी उचलून मीटिंगमध्ये आहे म्हणत, कोणाची सून "बाबूजी सो रहे हैं" म्हणून ठेवून देई. सुखदेवे सगळ्यांना हव, म्हणजे बरं, म्हणत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जेवणापासून सुरुवात करत. त्यांची बायको मीराबाई मला एकदा म्हणाली होती, "साऱ्या रायपूरले जेवन झालं काय म्हणून इचारते हा मानूस. मले सोडून."

हे बरीच वर्षं चाललं. काम काय होतं ते आमच्या गावात फारसं कोणाला ठाऊक नाही, आणि सुखदेव्यांना वाचनालयाबाहेर कोणी ओळखत नाही. म्हणून लिहून ठेवते.

रायपूरच्या तात्यापारा भागात आमचं एक लहान मराठी वाचनालय आहे. विदर्भातून रेल्वेत, कचेऱ्यांत, शाळांत नोकरीला आलेल्या लोकांनी ते काढलं. रायपूर राजधानी झाल्यावर गाव इतकं पसरलं की मराठी घरं एकमेकांपासून लांब गेली, मुलं हिंदीत उत्तरं देऊ लागली आणि कपाटातली पुस्तकं वाळवीच्या वाट्याला आली. तेव्हा कार्यवाह बाबाराव देशकरांनी ठरवलं, की ज्या जुन्या पुस्तकांवर आता कोणाचा हक्क उरलेला नाही ती इंटरनेटवरच्या एका सामायिक ग्रंथसंग्रहात ठेवायची. कुठेही बसून कोणीही फुकट वाचावीत. पानाचा फोटो काढतात, यंत्र त्यातली अक्षरं ओळखून मजकूर उतरवतं. पण जुन्या छपाईपुढे यंत्राचं फार चालत नाही. ओळी खालीवर होतात, कागदावरचा डाग त्याला अक्षर वाटतो, घडीवरचे शब्द गळून जातात. म्हणून एका बाजूला फोटो, दुसऱ्या बाजूला मजकूर ठेवून माणसानं शब्दाला शब्द लावून पाहावं लागतं. एकानं पाहिलं की पानाची खूण पिवळी होते. दुसऱ्यानं पुन्हा पाहिलं की हिरवी. सगळी पानं हिरवी झाल्याशिवाय पुस्तक पुरं झालं असं मानत नाहीत, आणि ज्यानं पान पिवळं केलं त्याला ते हिरवं करता येत नाही.

उद्घाटनाला गर्दी झाली होती. पोह्यांबरोबर जिलेबी होती आणि नाव द्यायला रांग होती. पुढच्या सणापर्यंत आम्ही मूठभर उरलो. या मूठभरांच्या मागे लागायचं काम कोणी घेईना, तेव्हा मागच्या खुर्चीवरून सुखदेवे उठले. "मी करतो. मले काही दुसरं काम नाई."

ते रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते. उंच, खांद्यात वाकलेले. बोलता बोलता त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडे जायचा, जसा काही तिथे अजून खडू असावा. नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी दुरुस्त झालेले डबे तपासून पास करण्यात घालवली होती. पिवळ्या-हिरव्याचा नियम आम्हा सगळ्यांना जाच वाटे. त्यांना तो समजावून सांगावा लागला नाही.

"आमच्या वर्कशॉपमंदी बी असंच होतं," ते म्हणाले. "ज्यानं रिव्हेट ठोकला त्यानं डबा पास करायचा नाई. आपला रिव्हेट कोनालेही चांगलाच दिसते."

मी नन्सच्या शाळेत शिकले. मराठी लिहायला-वाचायला घरी आईजवळ शिकले, त्यामुळे अजूनही अक्षर अक्षर लावून वाचते. घरातल्यांनी माझी यावरून पुष्कळ थट्टा केली. सुखदेव्यांना नेमकं तेच हवं होतं. "तुमी हळू वाचता ते बरं आहे, ताई. भरभर वाचनारे चुका बी वाचून टाकते."

दरवर्षी एखाद-दुसरं पुस्तक पुरं व्हायचं. दरवर्षी एखादा वाचक कमी व्हायचा. कोणी मुलाकडे पुण्याला गेला, कोणाला मोतीबिंदू झाला, कोणाला काहीच झालं नाही, नुसता कंटाळा आला. सुखदेवे कोणाला बोल लावत नसत. पण त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, आणि आवाजातला थकवा आता जेवण विचारतानाही लपत नसे.

त्यात घरचा प्रश्न होता. गुढियारीत त्यांचं घर वरच्या मजल्यावर, पाणी खालच्या नळाला. मीराबाईंचे गुडघे गेलेले. मुलगी रुचिता मंत्रालयात नोकरीला. तिला गावाबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीत क्वार्टर मिळालं होतं, तळमजल्याचं, नळाला चोवीस तास पाणी. ती दर रविवारी येऊन एकच बोलायची.

"पापा, अब चलो ना. मम्मी से सीढ़ी नहीं चढ़ी जाती."

"हे पुस्तक होऊ दे बेटा. मंग निघू."

"पिछली बार भी यही बोले थे."

"या बारीले शेवटचं. मंग मी हे कॉम्पुटर उघडनार बी नाई."

मी तिथे बसलेली होते. मीराबाईंनी भिंतीला धरून उठत मला विचारलं, "ताई, तुमी साक्षीदार आहा न?" मी हो म्हटलं. सुखदेव्यांनी मान खाली घातली. ते नुसतं बोलायचं म्हणून बोलले नव्हते. त्यांना खरोखरच सुटका हवी होती. जाताना जिन्यापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, "नोकरीतून रिटायर झालो तवा हार घातला होता मले. याच्यातून कसं रिटायर व्हायचं ते समजून नाई राहिलं."

हातातलं पुस्तक शाळा तपासनीसानं लिहिलेलं होतं. घोड्यावरून गावोगावच्या शाळा पाहत हिंडताना त्यानं छत्तीसगडातल्या आठवडी बाजारांची वर्णनं लिहून ठेवली होती. कोणत्या गावी कोणत्या वारी बाजार, कोण काय विकायला बसतं, लाखेच्या बांगड्या कुठे, बैल कुठे, सुकी मासळी कुठे. आमच्या कपाटात या मुलखाविषयीचं मराठी पुस्तक हे एकच. त्यातली काही गावं आता नव्या राजधानीच्या रुंद रस्त्यांखाली गेली आहेत. सुखदेव्यांना ते पुस्तक मनापासून हवं होतं. प्रत दुसरी कुठे सापडली नव्हती, आणि होती तिच्या कडा हात लावताच पावडर होऊन बोटांना लागत.

ते पुस्तक आम्ही ओढत होतो म्हणण्यापेक्षा मोहरीलांनी ओढलं. अनंतराव मोहरील उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून निवृत्त होऊन बीरगावला राहत होते. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाईंनी पोस्टकार्ड पाठवून नावं दिली होती. दोघांची दोन खाती सुखदेव्यांनीच फोनवर सांगून उघडून दिली होती. आम्ही कोणी त्यांना पाहिलं नव्हतं. ते कार्यक्रमांना येत नसत. पहिल्या काही महिन्यांनंतर तर फोनही उचलेनासे झाले. निरोप लिहिला की उत्तर मात्र लगेच: "हव. झालं."

पान पिवळं करायच्या मंदाकिनीबाई, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ते हिरवं झालेलं असायचं, अनंतरावांच्या नावानं. न चुकता. न जेवणाचं विचारता. सुखदेवे म्हणायचे, "असे दहा मोहरील मले रेल्वेत असते तं एक डबा यार्डात थांबला नसता."

श्रावण संपता संपता शेवटचं पान हिरवं झालं. सुखदेव्यांनी त्या दिवशी जेवणाचं विचारलं नाही. "ताई, झालं," एवढंच म्हणाले. मागे मीराबाईंचा आवाज येत होता, ट्रंका कुठल्या काढायच्या म्हणून. रुचितानं टेम्पो सांगून टाकला होता, गणपती झाल्यावरच्या रविवारचा.

बाबाराव देशकरांना उत्साह आला की त्यांना आवरणं कठीण. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात पुस्तक जाहीर करायचं, आणि सर्वांत जास्त पानं पाहणारे म्हणून अनंतराव मोहरीलांचा सपत्नीक सत्कार करायचा, शाल-श्रीफळ देऊन, असं त्यांनी ठरवलं. निमंत्रणपत्रिकेवर नावही छापलं.

"पण असं पोस्टानं आमंत्रण द्यायचं नाही," ते म्हणाले. "सत्कारमूर्ती आहेत. घरी जाऊन, अक्षत देऊन, बाईंना हळदकुंकू लावून बोलवायचं. आपली पद्धत आहे."

"कोण जाईन?" सुखदेव्यांनी विचारलं.

"तुम्ही. तुमचे ते वाचक. आणि बरोबर रमाताई. बाई हवी ना कोणी."

सुखदेव्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. मला हसू आवरेना.

"बाबाराव," मी म्हटलं, "हे बौद्ध, यांच्या घरी अक्षत नाही. मी विधवा, माझ्या हातचं कुंकू तुमच्या पद्धतीत बसत नाही. नेमकी आमचीच निवड केलीत."

बाबाराव गोंधळले, कानापर्यंत लाल झाले. "अहो, आता कोण मानतं हे सगळं! तुम्ही नुसता करंडा पुढे करा. लावून घेतील त्या आपल्या हातानं."

"आन् अक्षत मी देऊन देईन," सुखदेवे म्हणाले. "तांदूळच तं आहे. आमी खातो तांदूळ."

अशा रीतीनं आम्ही दोघं एका सकाळी ऑटोनं बीरगावला निघालो. माझ्या मांडीवर पिशवीत करंडा, त्यांच्या हातात पत्रिका. उरल्याच्या बाजूला हवेत काजळी असते. पोहोचेपर्यंत माझ्या पांढऱ्या पदरावर बारीक काळे ठिपके दिसायला लागले. सुखदेवे एरवीपेक्षा मोकळे बोलत होते. तिकडे नव्या घराच्या मागे थोडी जागा आहे, तिथे वांगी लावणार होते. मीराबाईंना बाजाराला रिक्षा करायची गरज नव्हती. "आन् दुपारी झोपनार," ते म्हणाले. "फोन बंद करून. कोनाचं जेवन झालं काय नाई काय, मले काही घेनं-देनं नाई."

मोहरीलांचं घर कामगारांच्या वस्तीच्या टोकाला. दार मंदाकिनीबाईंनीच उघडलं. ठेंगणी बाई, केस पूर्ण पांढरे, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. सुखदेव्यांनी नाव सांगितलं तशा त्या एकदम मागे सरल्या, आणि मग "या ना, या," म्हणाल्या. आम्ही आत गेलो. मी सवयीनं पिशवीतून करंडा काढून पुढे केला. हळद पुढे, कुंकू पुढे.

त्यांनी हात पुढे केला नाही. माझ्या कपाळाकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "नाही ताई. आपण दोघी एकाच वाटेच्या."

तेव्हा मी त्यांचं कपाळ नीट पाहिलं. आणि मागच्या भिंतीवरचा फोटो. त्याला चंदनाचा हार घातलेला होता. खाली छोट्या टेबलावर कॉम्प्युटर, आणि टेबलासमोर शेजारी शेजारी दोन खुर्च्या.

सुखदेव्यांच्या मुठीत तांदूळ होते. ते त्यांनी हळूच परत पुडीत टाकले, एकेक बोट झटकून. पत्रिका मात्र हातातच राहिली.

"कधी झालं, बाई?" त्यांनी विचारलं.

"मागच्या होळीनंतर. नागपूरला, मुलीकडे गेलो होतो. तिथंच दवाखान्यात. तिकडेच सगळं केलं. इथं कोणाला सांगायचं? आम्ही कुठं जात नाही, येत नाही."

बाई चहा ठेवायला उठल्या. मी त्यांच्या मागे स्वयंपाकघरात गेले. साखर घालता घालता त्या म्हणाल्या, "भाऊ रागावले काय?"

"नाही," मी म्हटलं. "त्यांना राग येत नाही. दमतात फक्त."

बाहेर येऊन कप ठेवल्यावर त्यांनी आपणहून सांगितलं. आधी कसं होतं, की अनंतराव फोटोतलं पान मोठ्यानं वाचायचे आणि त्या मजकुरावर बोट ठेवून पाहायच्या. चूक दिसली की त्यांच्या दंडाला हात लावायच्या, ते थांबायचे. पान झालं की एक खूण त्या करायच्या, एक ते. नागपूरहून परत आल्यावर कॉम्प्युटर उघडला तर काही पानं पिवळी होऊन थांबलेली.

"मला बरं नाही वाटलं. म्हटलं, यांचं काम मागं पडून राहिलं. लोक काय म्हणतील, मोहरील मधेच सोडून गेले. म्हणून मग सकाळी माझ्या खुर्चीवर बसून माझं पान पाहायची, अन् संध्याकाळी त्यांच्या खुर्चीवर बसून त्यांचं. खोटं नाही केलं, भाऊ. प्रत्येक पान दोनदा वाचलं. पहिल्यापासून शेवटापर्यंत. दोनदा."

"मले माहीत आहे," सुखदेवे म्हणाले. "मी मधातली काही पानं पाह्यली. चांगली आहेत."

"घरात त्यांचं सारंच बंद झालं होतं. तेवढंच एक चालू होतं."

सुखदेव्यांनी चहा संपवला. निघताना पत्रिका टेबलावर ठेवावी की परत न्यावी हे त्यांना कळेना. शेवटी खिशात ठेवली.

ऑटोत ते वांग्यांबद्दल बोलले नाहीत. बीरगाव मागे पडल्यावर म्हणाले, "अर्ध्याहून जास्त पुस्तक होळीनंतरचं आहे."

"चुका नसतील त्यात," मी म्हटलं. "बाई काळजीनं वाचतात."

"नसन बी."

"मग?"

त्यांचा हात खिशाकडे गेला, तिथे पत्रिका लागली, तो तसाच खाली आला.

वाचनालयात बाबारावांनी ऐकलं आणि डोक्याला हात लावला. पण ते व्यवहारी माणूस. थोड्या वेळानं म्हणाले, "हे पाहा, सत्कार मरणोत्तर करू. उलट जास्त शोभेल. आणि पुस्तकाचं म्हणाल तर ते पुरं झालं आहे. कोण विचारायला येतं, कोणत्या खुर्चीवर बसून वाचलं?"

"कोनी नाई येत," सुखदेवे म्हणाले.

"मग झालं तर! दोनदा वाचलं आहे ना? नियम दोनदा वाचायचा आहे."

"दोघांनी."

"सुखदेवे, तुम्ही दमला आहात. रविवारी टेम्पो येणार आहे तुमचा. जा आता सुखानं."

ते खरंच दमलेले होते. खुर्चीत असे बसले होते की मला वाटलं, आता मान हलवतील आणि सुटतील. मी मनातून तेच म्हणत होते, हे मी लपवत नाही. म्हणा हो, आणि चला.

"बाबाराव," ते म्हणाले, "डबा चांगला असन. शंभर टक्के चांगला असन. पन मी त्याच्यावर पास लिहू नाई शकत. हे नाई होत माझ्याच्यानं. आता या वयात शिकू बी नाई शकत."

बाबाराव चिडले. पत्रिका छापल्या, पाहुणे सांगितले, आणि आता काय तोंड दाखवायचं. सुखदेवे ऐकून घेत राहिले. मग उठले आणि मला म्हणाले, "ताई, मीराले तुमी सांगता काय? तुमी साक्षीदार होत्या."

मी सांगितलं. मीराबाई ट्रंकेवर बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "मले वाटलंच. माझे गुडघे काही पुस्तक थोडीच आहे." त्यानंतर दोन दिवस त्या त्यांच्याशी बोलल्या नाहीत. रुचिता बोलली, पुष्कळ, आणि आईला घेऊन गेली. टेम्पो त्या रविवारीच आला, पण त्यात अर्धंच सामान गेलं. गुढियारीत एक खाट, एक स्टोव्ह, कॉम्प्युटर आणि सुखदेवे राहिले.

होळीनंतरच्या प्रत्येक पानाची हिरवी खूण काढून त्यांनी ती परत पिवळी केली. असं करताना कारण लिहावं लागतं. त्यांनी प्रत्येक पानाखाली लिहिलं होतं: दुसरा वाचक नाही.

मंदाकिनीबाईंना त्यांनी फोनवर सांगितलं, माझ्यासमोर. त्या दिवशी बाईंनी फोन उचलला. सुखदेव्यांनी आधी जेवण विचारलं. मग म्हणाले, "बाई, होळीपर्यंतचं जे आहे ते अनंतरावांचंच राहीन. त्याले कोनी हात नाई लावनार. त्याच्यानंतरचं नाव काढलं मी. तुमचं तसंच आहे." पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. सुखदेवे ऐकत राहिले, डोळ्यांतलं पाणी रुमालानं पुसत. ते पाणी दुखण्याचं होतं की कसलं, सांगता येत नाही. मग म्हणाले, "दुसरा कोनी नाई. मीच पाहीन. डोळे साथ नाई देत, वेळ लागन."

पलीकडून बाई काहीतरी म्हणाल्या. मग त्यांनी मान वर केली. "वाचून दाखवता? फोनवर?"

गणपतीच्या कार्यक्रमात पुस्तकाचं नाव कोणी काढलं नाही. शाल पाहुण्यांना गेली.

त्यानंतर दुपारी सुखदेव्यांचे फोन येईनासे झाले, कारण दुपारी त्यांचा फोन गुंतलेला असे. बीरगावला मंदाकिनीबाई फोटोतलं पान मोठ्यानं वाचायच्या, गुढियारीत ते अक्षरं मोठी करून मजकुरावर बोट फिरवायचे. चूक दिसली की "थांबा" म्हणायचे. मी कधी डबा घेऊन गेले तर मला हातानंच बसा म्हणत. फोन पाटावर उताणा ठेवलेला असे आणि त्यातून त्या बाईंचा सावकाश, एकसुरी आवाज येत असे: अमक्या गावी गुरुवारी बाजार, चिंच, मोहाची फुलं, घोंगड्या. पान संपलं की त्या विचारायच्या, "बरोबर?" हे म्हणायचे, "हव. पुढं."

बायको तिकडे, हे इकडे. रविवारी जाऊन यायचे. तिथे मीराबाई आता बोलायच्या, पण ताट वाढून झाल्यावर. "जेवन झालं काय म्हणून इचारू?" असं एकदा म्हणाल्या म्हणे. हे सांगताना सुखदेवे हसले नाहीत. पावसाळा गेला, दिवाळी गेली. त्यांच्या डोळ्यांना डॉक्टरनं दुपारचं वाचन बंद सांगितलं. त्यांनी सकाळी पाहतो म्हणून डॉक्टरला सांगितलं आणि दुपारचं चालू ठेवलं. मी एकदा म्हटलं, "निम्मी मी घेते." म्हणाले, "तुमचे डोळे काय नवे आहे काय, ताई?" तरी शेवटची काही पानं मी घेतलीच.

थंडी सरत आली तेव्हा पुस्तक हिरवं झालं. खरोखरचं. बाबारावांना कळवलं, त्यांनी वाचनालयाच्या फळ्यावर एक ओळ लिहिली आणि ती दुसऱ्या दिवशी कोणीतरी पुसून तिथे वर्गणीची सूचना लिहिली. सुखदेव्यांनी आम्हा सगळ्यांचे नंबर एका कागदावर उतरवून बाबारावांच्या टेबलावर ठेवले. तो कागद अजून तिथेच आहे. कोणी उचलला नाही.

त्यांना निरोप द्यायला मी गेले त्या दिवशी रुचिता खाली टेम्पोवाल्याशी बोलत होती. खोली रिकामी झाली होती. कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून खोक्यात गेला होता. सुखदेवे दोरीनं बांधलेल्या वळकटीवर बसले होते. दुपार झाली होती. फोन वाजला.

त्यांनी नाव पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि उचलला. फोन नेहमीसारखा उताणा ठेवला, या वेळी गुडघ्यावर.

"भाऊ, मी दुसरं पुस्तक उघडलं," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "वाचनालयाच्या कपाटातलं ते नदीच्या प्रवासाचं. पहिलं पान पिवळं केलं. वाचू काय?"

त्यांनी डोळे मिटले. खालून हॉर्न वाजला. रुचितानं हाक मारली, "पापा, चलो!"

"बाई," ते म्हणाले, "माझ्यासमोर पान नाई. कॉम्पुटर बांधून टाकला. मी आता हे करून नाई राहिलो."

"हव," बाई म्हणाल्या. पण फोन त्यांनी ठेवला नाही.

सुखदेव्यांनीही ठेवला नाही. मी खिडकी लावून घेतली, नुसतं काहीतरी करायचं म्हणून.

"वाचा," शेवटी ते म्हणाले. "पन हे दुसऱ्या वाचनात धरू नका. मी नुसता ऐकून राहिलो."

"नाही धरत," मंदाकिनीबाई म्हणाल्या, आणि वाचायला लागल्या.